आडनाव नंतर, आधी गाव: नागपुरात बसून घराण्याचा माग कसा काढायचा

आपलं आडनाव कुठून आलं हे शोधायचं म्हटलं की लोक पहिले ते गूगलवर टाकतात, मग दोन-तीन व्हिडिओ, समाजाच्या स्मरणिकेतलं एखादं पान आणि 'आपण मूळचे अमक्या राजाचे वंशज' वाला व्हॉट्सॲप मेसेज एवढं हाती लागतं आणि शोध तिथंच थांबतो. माझं सांगणं एकच आहे, आडनावाच्या मागे लागू नका, गावाच्या मागे लागा. आडनाव बदलतं, शाळेतल्या मास्तरनं लिहिलं तसं होऊन जातं, एकच आडनाव चार जातींत आणि चारशे घरांत असतं. गाव मात्र सरकारी कागदावर टिकून राहतं, आणि गाव सापडलं की आडनावाचाही उलगडा बऱ्याचदा होतो. हे मी नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांपुरतंच लिहून राहिलो, कारण इथले जुने कागद आणि त्यांची नावं पुण्या-साताऱ्यापेक्षा वेगळी आहेत, तिकडची पद्धत इकडं जशीच्या तशी चालत नाही.

सुरुवात घरातूनच, तीही व्हॅलिडिटीच्या फाईलपासून

घरात कोणाची जात पडताळणी झाली असेल, चुलतभाऊ, आतेबहीण, कोणाचीही, तर पहिले ती फाईल मागा. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा द्यावा लागतो, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. म्हणजे तुमच्या घरातल्या कोणीतरी आजोबा-पणजोबांपर्यंतचे कागद आधीच गोळा करून ठेवले आहेत. त्यात शाळेचा दाखल-खारीज उतारा (शाळेत नाव घातल्या-काढल्याची नोंद) असतो, जमिनीचा जुना कागद असतो, कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरची, नक्कल असते आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असतं. सगळ्याची झेरॉक्स घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, ती वंशावळ अर्जदाराला लागली तेवढीच काढलेली असते, मुली आणि निपुत्रिक गेलेले काका त्यात बहुतेक वेळा नसतातच.

मग जुन्या लग्नपत्रिका. निमंत्रकांच्या नावापुढं 'मु. पो., त., जि.' असं सगळं छापलेलं असतं, आणि ३०-४० वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत अशी गावं सापडतात जिथं आता आपलं कोणीच राहत नाही. मिलमध्ये किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांचं सर्व्हिस बुक मिळालं तर फारच छान, त्यात मूळ पत्ता असतो.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

'आपण मूळचे कुठले?' असं विचारलं तर 'इथलेच बापा' एवढंच उत्तर मिळते. प्रश्न बारीक करा. जावळ कुठं काढायचे, नवस फेडायला कुठं जायचे, गावचं वावर कोणाकडं राहिलं, गावच्या पोळ्याला शेवटचं कोण गेलं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकांची माहेरं. 'आजी, तुझ्या सासूचं माहेर कोणतं?' असं विचारा. 'थे तं पवनीकडची होती, बैलगाडीनं जा लागे' असं एखादं वाक्य येतं आणि अख्खी दिशा मिळून जाते. जुन्या काळी सोयरिकी बैलगाडीच्या टप्प्यातच व्हायच्या, म्हणून आजी, पणजी, आत्या, मोठ्या काकू सगळ्यांची माहेरं आणि सासरं नकाशावर टिपून पाहा. ठिपके जिथं दाट दिसतील तिथंच कुठंतरी मधात तुमचं गाव. आणि दोन पिढ्यांमागचे ठिपके भलत्याच भागात पडत असतील तर समजा की मधे कधीतरी घर हललं.

आत्या आणि आजीकडं आधी जा, पुरुष मंडळी जमिनीचं सांगतात पण नाती बायकांच्याच ध्यानात असतात. विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि बोलताना त्यांनी गावाचं नाव जसं उच्चारलं तसंच लिहा, दुरुस्त करू नका.

कुलदैवतही फार कामाचं. पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात राहणाऱ्या घराचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर असेल तर कोकण डोळ्यांपुढं ठेवा, खंडोबा असेल तर पश्चिमेकडं पाहा, पण माहूरची रेणुका किंवा तुळजाभवानी असेल तर त्यावरून गाव ठरत नाही, कारण त्या सगळ्या महाराष्ट्राच्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या घरांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला तिथं जुन्या कुलदैवताची आठवण काढायला अनेकांना आवडत नाही, आणि त्याचं कारणही आपल्याला माहीत आहे. तिथं हा प्रश्न सोडून द्या, सोयरिकीच्या नकाशावरच काम करा, तो कुठंच कमी पडत नाही.

आडनावाकडून काय कळतं, काय कळत नाही

गावावरून पडलेलं आडनाव, जसं उमरेडकर, काटोलकर, पवनीकर, रामटेके, नागपुरे, हे बहुतेक वेळा गाव सोडल्यावर पडलेलं असतं. उमरेडमध्येच सगळे राहत असताना कोणी कोणाला उमरेडकर म्हणणार नाही. म्हणून नागपुरे आडनावाची घरं नागपूरच्या बाहेर भरपूर सापडतात, आणि वऱ्हाडपांडे म्हटलं की वऱ्हाडातून इकडं आलेले पांडे. असं आडनाव असेल तर तुमच्याकडं एक गाव आयतं आहे, पण तो शेवटचा मुक्काम असू शकतो, पहिला नाही.

'वार' नं संपणारी, कोत्तावार, येलेवार, पद्मावार अशी आडनावं चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडं खूप. हा 'वार' तेलुगूतल्या 'वारु'चा, म्हणजे अमक्या घरचे लोक. ही घरं कित्येक पिढ्यांपासून मराठी आहेत, पण माग काढताना प्राणहितेच्या पलीकडं तेलंगणातही नजर टाका.

चिटणवीस, फडणवीस, पोतदार, किल्लेदार, बक्षी, जामदार, सुभेदार ही हुद्द्याची आडनावं. भोसल्यांच्या काळात नागपूरच्या महाल भागात दरबाराची माणसं येऊन वसली, त्यांच्यापैकी काहींचा हुद्दाच आडनाव झाला. पण पुण्याला पेशव्यांकडंही फडणवीस होते, साताऱ्यालाही चिटणीस होते, म्हणून हुद्दा सारखा असला तरी घराणं एक धरू नका. हुद्द्याच्या आधीचं आडनाव काय होतं हे विचारा, अशा घरांत ते कोणाला ना कोणाला माहीत असतं. देशमुख, पाटील, चौधरी, महाजन यांचंही तसंच, त्यावरून जातही ओळखू येत नाही तर गाव कुठून ओळखणार.

मडावी, आत्राम, उईके, टेकाम, कुमरे, धुर्वे ही गोंड कुळांची नावं, यांच्यात गाव शोधण्याआधी 'किती देवांचे' हा प्रश्न येतो, कारण कुळं देवांच्या संख्येवरून वाटलेली आहेत आणि सारख्या देवांच्या कुळांत लग्न होत नाही. इथं वंशावळ सांगायची परंपरा परधानांकडं आहे, म्हणजे किंगरी हे तंतुवाद्य वाजवत गोंड कुळांची गोष्ट गाणाऱ्यांकडं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेत खूप दूरदूरची कुळं एकत्र येतात, तिथं जुन्या माणसांशी बोलायला मिळतं. आणि नागपूर शहर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास वसवलं, तेव्हा या घरांना 'तुम्ही नागपूरला कुठून आले' हा प्रश्न जरा जपूनच विचारावा.

पटले, बिसेन, टेंभरे, राहांगडाले, बोपचे, कटरे ही गोंदिया-भंडारा-बालाघाटच्या पोवारांची कुळं. समाजाची परंपरा अशी की माळव्यातून, धारकडून निघून आधी रामटेकजवळच्या नगरधनला आले, तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, आणि भोसल्यांच्या कटक मोहिमेत लढल्याबद्दल नदीच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या. कुणब्यांत झाडे, बावणे, घाटोळे, खैरे, धनोजे, तिरळे अशी जी नावं आहेत तीही नोंदून ठेवा, कागदात आडनाव नसलं तरी पोटजात कधी कधी लिहिलेली असते, आणि झाडे म्हटलं की झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलाचा पट्टा, हे तर सरळच आहे.

आणि सारखं आडनाव म्हणजे सारखं रक्त नाही याचं मोठं उदाहरण आपल्याच शहरात आहे. साताऱ्याचे छत्रपती भोसले आणि नागपूरचे राजेही भोसले, पण नागपूरकरांना हिंगणी गावावरून हिंगणीकर भोसले म्हणत. एवढ्या मोठ्या घराण्याला वेगळं ओळखायला गावच लागलं.

कागद मागायच्या आधी जुना नकाशा समजून घ्या

इथं नवीन माणूस सगळ्यात जास्त चकरा मारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात जुना कागद असेल असं नाही. वर्धा जिल्हा १८६२ ला नागपुरातून निघाला. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आणि चंद्रपूरला जुन्या कागदात चांदा म्हणतात. गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, वाशिम १९९८ ला अकोल्यातून. नागपूर जिल्ह्यातही आज १४ तालुके आहेत पण इंग्रजांच्या काळात नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल अशा मोजक्याच तहसिली होत्या, म्हणून कुहीचा जुना कागद उमरेडला, मौद्याचा रामटेकला, नरखेडचा काटोलला विचारावा लागतो.

दुसरं म्हणजे राज्य कोणाचं होतं. नागपूरचं भोसल्यांचं राज्य तिसऱ्या रघुजीनंतर १८५४ ला इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ ला मध्य प्रांत झाला, आणि इथं मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे मूळचे निजामाकडचे, १९०३ ला मध्य प्रांताला जोडले, आणि तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबादकडं, तिथले जुने कागद उर्दूत निघतात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, त्याच्या आधी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळं त्या काळातल्या कागदांवर मध्य प्रदेश शासन दिसलं तर गोंधळू नका. सौंसर, पांढुर्णा, बैतूल, बालाघाटकडची घरं तेव्हा आपल्याच प्रांतात होती, आज तिथला कागद हिंदीत आणि मध्य प्रदेशच्या ऑफिसात मिळेल.

तिसरं, रिठी. महसुली यादीत गावाच्या नावापुढं 'रिठी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तिथं वस्ती उरलेली नाही, फक्त शिवार आहे. पटकी, दुष्काळ, नदीचा पूर, कशानं तरी लोक उठून गेले आणि बाजूच्या गावात वसले. आजी ज्या गावाचं नाव घेते ते गूगल मॅपवर नाही म्हणून सोडून देऊ नका, तलाठ्याला विचारा की या नावाची रिठी आहे का. गोसेखुर्द आणि पेंच धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचंही असंच, माणसं पुनर्वसनाच्या गावठाणात आणि जुने कागद मूळ गावाच्या नावानं. शिवाय सावरगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावं दर तालुक्यात आहेत, बुजरूक-खुर्द वेगळे, म्हणून गावाबरोबर शेजारच्या दोन गावांची नावं आणि नदी-नाला विचारून ठेवा.

तहसीलमधून काय मागायचं

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कोतवाल पंजी. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा आणि त्याची नोंद व्हायची, तेच हे रजिस्टर. पहिल्यांदा पाहिलं की निराशा होते कारण त्यात आडनाव शोधून सापडत नाही. ओळ साधारण अशी असते: तारीख, मौजा, 'लक्ष्मण वल्द सखाराम, कुणबी, मुलगी'. बस. बाळाचं नाव नाही, आईचं नाव नाही, आडनाव नाही. मृत्यूच्या नोंदीत वय असतं आणि कारण असतं, ताप, देवी, हगवण. आता या एका ओळीतून लक्ष्मण, त्याचा बाप सखाराम, जात आणि गाव असे चार धागे मिळाले, म्हणून तुमच्याकडं घरून आणलेली पहिली नावं तयार पाहिजेत, आडनाव घेऊन गेलेला माणूस इथून रिकाम्या हातानं येतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वर्षाची पानं निघाली तर नीट पाहा, एकाच घरातले दोन-तीन मृत्यू एका आठवड्यात दिसतात आणि मग कळतं की एखादी अख्खी शाखा काहून संपली किंवा लेकरू मामाच्या गावी काहून वाढलं. ती पानं वाचताना मन घट्ट ठेवा.

जमिनीच्या कागदात जुने बंदोबस्त मिसल (इंग्रजांच्या काळातल्या जमीन मोजणी-सारा ठरवण्याच्या फाईली), मग १९५१ ला मालगुजारी गेल्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, आणि त्यानंतरचे सातबारा-फेरफार. वारसाच्या फेरफारात सगळ्या वारसांची नावं येतात, १९५६ च्या वारसा कायद्यानंतर विधवा आणि मुलीही, त्यातून हरवलेल्या आत्या सापडतात. भाषा थोडी समजून घ्या: 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'बेवा' म्हणजे विधवा, 'साकीन' म्हणजे राहणार, 'अ.पा.क.' म्हणजे वारस अज्ञान होता आणि पालक दुसरा होता. साकीन दुसऱ्याच गावचं लिहिलेलं असेल तर उभे राहून टाळी वाजवा, कारण जमीन इथं आणि माणूस तिथं म्हणजे स्थलांतराचा लेखी पुरावा तुमच्या हातात आहे.

घरी जमीन नव्हती म्हणून इतिहास नाही असं बिलकुल समजू नका. शाळेत गेलेल्या प्रत्येकाचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात असतं, त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा हे रकाने असतात, आधीच्या शाळेवरून मागच्या गावाला जाता येतं.

अर्ज नक्कल शाखेत करायचा, कोर्ट फी तिकीट लावून. एकच वर्ष मागू नका, पाच-सात वर्षांचा कालावधी लिहा, कारण घरात सांगितलेलं वय आणि कागदातलं वय कधीच जुळत नाही. 'रेकॉर्ड नाही' असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, आणि ते मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बाबू लोकांशी गोड बोला, पानं अगदी जीर्ण झालेली असतात, स्वतः उलटायची घाई करू नका. वऱ्हाडकडचं गाव असेल तर आधी 'आपले अभिलेख' ही वेबसाईट पाहा, अकोला-अमरावतीचे बरेच जुने कागद घरबसल्या दिसतात.

तहसीलच्याही मागे जायचं असेल तर

नाशिक-त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्या. तिथं गाव आणि जात सांगून आपल्याकडचे उपाध्ये कोण ते विचारायचं, मग ते वही काढतात आणि तुमच्या पणजोबानं स्वतः येऊन सांगितलेली नावं समोर येतात. इथंही आडनावापेक्षा गावच विचारतात. आपली आजची नावं, लेकी-सुनांसकट, लिहवून या.

भोसलेकालीन कागद मोडी लिपीत आहेत. पुराभिलेख संचालनालयाचं नागपूरला कार्यालय आहे, पण तिथं सरळ 'माझं आडनाव शोधा' म्हणून जाऊ नका, घराण्याला वतन, इनाम, दरबारची नोकरी होती असं काही हाती असेल तरच जा, आणि मोडी शिकून जा किंवा वाचणारा सोबत न्या. बाकीच्यांनी १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर आणि रसेल-हिरालाल यांचे १९१६ चे जाती-जमातींवरचे चार खंड पाहावे, दोन्ही ऑनलाईन फुकट मिळतात. खंडांत कोणता समाज कुठून आला हे भरपूर आहे, पण ते इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेनं लिहिलेलं आहे, काही वाक्यं वाचून राग येईल. स्थळं आणि रस्ते तेवढे उचला, स्वभावाची वर्णनं सोडून द्या.

घर कधी हललं असेल

तारीख सापडत नसेल तेव्हा या खुणा लावून पाहा. १७४० च्या आसपास रघुजी भोसल्यांसोबत पश्चिमेकडून आलेली शिलेदार, कारकून, ब्राह्मण, मराठा घरं. १८२१ ला कामठीची छावणी. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि खेड्यातले विणकर, मजूर शहराकडं वळले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेला छप्पन्या तो यातला दुसरा. घरात 'दुष्काळात आलो' अशी गोष्ट असेल तर त्या दोन-तीन वर्षांच्या आधी जुन्या गावात आणि नंतर नव्या गावात नोंद शोधा, दोन्हीकडं सापडली की पक्कं झालं.

उलटी वाटही पाहा. बिंबाजी भोसले रतनपूरला बसले, कटक १८०३ पर्यंत नागपूरकरांकडं होतं, त्यांच्यासोबत गेलेली मराठी घरं रायपूर, बिलासपूर, रतनपूरला आजही आहेत. तुमच्या वंशावळीत एखादा भाऊ 'छत्तीसगडात गेला' म्हणून गायब असेल तर तिकडचे भाऊबंद तुम्हालाही शोधून राहिले असतील.

जे सापडेल ते लिहिताना प्रत्येक नावापुढं ते कुठून कळलं हे टाका, आजीनं सांगितलं, पंजीत आहे, फेरफार नंबर अमुक. ऐकीव आणि कागदी अशी दोन रंगांत लिहिली तर पुढच्याला सोपं जातं. बायकांची माहेरची आडनावं आणि गावं सोडू नका. आणि एक प्रत गावी राहिलेल्या भाऊबंदांना द्या, त्यांच्याकडची नावं त्यात भरून परत मागवा.